तिसरा उद्गार

प्रफुल्लच्या दफनाला तबिथा उमाप रडल्या नाहीत, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

रडल्या असत्या तर बायकांनी पाठीवरून हात फिरवला असता, पाणी पाजलं असतं, आठवडाभर डबे आणून दिले असते आणि मग जी ती आपापल्या कामाला लागली असती. पण तबिथाबाई पेटीशेजारी उभ्या राहिल्या त्या वॉर्डात राउंडला उभ्या राहायच्या तशा. पदर खांद्यावर नीट, हात पोटाशी. झाकण लावायच्या आधी त्यांनी पोराच्या शर्टाची कॉलर सरळ केली, तीसुद्धा पलंगावरची चादर सरळ करावी तशी. महिला मंडळाच्या अध्यक्ष विमलाबाई तिवडे मागच्या बाईच्या कानाशी लागल्या, पण त्यांचं कानाशी लागणंही सगळ्या कबरस्तानाला ऐकू जायचं. "बघ गं. एक टिपूस नाही डोळ्यांत. याला म्हणतात विश्वास."

विश्वास कसला डोंबलाचा! तबिथाबाईंना काही वाटतच नव्हतं. सगळी हयात त्यांनी मिशनच्या दवाखान्यात काढली होती. फक्त दुखऱ्या जागेपुरती भूल दिलेला माणूस कसा असतो हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टर चिमटा काढून विचारतात, दुखतंय का? तो म्हणतो, हात लावताय ते कळतंय, दुखत नाही. तबिथाबाईंचं तसंच झालं होतं. पेटी कळत होती, माती कळत होती, पावसाने चिखल झालाय आणि रंगनाथरावांचा बूट त्यात रुतलाय हेही कळत होतं. दुखत मात्र नव्हतं. पण हे सांगणार कुणाला? लोकांनी तोवर त्याला नाव देऊन टाकलं होतं.

बाई मुळातच फटकळ. येवल्याकडच्या मिशनशाळेतल्या मास्तरांची ही मुलगी. नर्सिंग केलं, नाशिकला आली आणि प्रेसमध्ये मशीनवर काम करणाऱ्या रंगनाथ उमापांशी लग्न करून नाशिक रोडच्या कॉलनीत राहिली. घरी कुणी जास्त वेळ टेकलं तर त्या सरळ "बरं, आता?" म्हणून उभ्या राहायच्या. लांबलचक प्रार्थना त्यांना सोसायच्या नाहीत. एकदा कुणी उपासनेत पाऊसपाणी, सरकार, शेजारचा आजारी कुत्रा असं सगळं देवापुढे मांडत बसलं, तेव्हा "आमेन" झाल्याझाल्या त्या म्हणाल्या होत्या, "प्रार्थना होती की महापालिकेला अर्ज?" लोक हसले, पण दबकून. तबिथा सिस्टरच्या हातचं इंजेक्शन चर्चच्या निम्म्या मंडळीने घेतलेलं होतं.

अशा बाईने आयुष्यात एकदाच देवाशी सौदा केला. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, आणि छताकडे बघत पडल्यापडल्या त्या म्हणाल्या, हे राहू दे, मग ते तुझंच. घाबरलेली बाई काय वाटेल ते बोलते. मूल राहिलं. रंगनाथरावांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी उभं राहून हे सगळ्या मंडळीला सांगितलं, गहिवरून सांगितलं, आणि संपलं. ख्रिस्ती मंडळीत एकदा साक्ष दिली की ती परत घेता येत नाही. प्रफुल्ल 'देवाला दिलेला मुलगा' झाला. गणितात नापास झाला तरी लोक म्हणायचे, "देवाला दिलेला मुलगा, आणि गणितात गचकला?" त्याला गॅरेज काढायचं होतं. रंगनाथरावांनी त्याला जवळ बसवून आईच्या नवसाची आठवण दिली. "आपल्यात नवस म्हणत नाहीत, बाबा," एवढंच तो म्हणाला आणि मिशनच्या कामाला सुरगाण्याकडे गेला. तिथे मात्र तो रमला. उपदेश त्याला बेताचाच जमायचा, पण डिझेलचा पंप दुरुस्त करावा तर त्यानेच. मनमाडच्या रेल्वे कॉलनीतल्या अंजलीशी त्याचं लग्न झालं. ती डी.एड. झालेली होती. दोघं तिकडेच राहत होती. दुसरा पावसाळाही पुरा झाला नाही.

तो कसा गेला हे तबिथाबाईंना बहिरूने सांगितलं. बहिरू तिकडचाच, प्रफुल्लबरोबर काम करणारा. जीपमधून प्रेत घेऊन तोच आला. बाकी लोक आत चर्चच्या पाळकांशी बोलत होते आणि हा ओटीवर भिजलेला उभा होता. तबिथाबाईंनी त्याला टॉवेल दिला आणि विचारलं, "काय झालं ते सांग. नीट सांग."

"बत्तीचा मेंटल आनाया गेला व्हता बाजारात. येताना वढ्यावरच्या फरशीवर पानी. म्या सांगला, दादा, थांब, घंटाभरात उतरंल. तो म्हनं, एवढ्या पान्याला काय भ्यायचा. घातली गाडी."

"बरोबर कोणी आजारी वगैरे होतं? कुणाला आणायला चालला होता?"

"नाय बाई. कोनी नाय. मेंटलच व्हता खिशात."

एवढंच. रॉकेलची गॅसबत्ती, तिचं जाळीचं मेंटल, आणि थांबायचा कंटाळा. त्याचा कंटाळा आईवरच गेला होता, हे तबिथाबाईंना तेव्हाही कळलं. कळलं, इतकंच.

पण मंडळीत ही गोष्ट पोचली ती वेगळी. 'दुर्गम भागात सेवा करताना' असं झालं. मग 'सेवेसाठी प्राण दिला' असं झालं. महिन्याच्या आठवणीच्या प्रार्थनेत तोरणे पाळक म्हणाले, "पित्याने आपला एकुलता एक पुत्र दिला. आमच्या तबिथा सिस्टरांनीही आपला एकुलता एक पुत्र अर्पण केला." दिला? तबिथाबाईंच्या मनात आलं, मी कुठे दिला? तो गेला. तोंड उघडावं असं वाटायलासुद्धा काही वाटावं लागतं. त्या गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणून ते आणखीच खरं ठरलं.

रंगनाथरावांना त्या शब्दाने मात्र उभं केलं. आधी ते जेवत नव्हते, दाढी करत नव्हते, प्रफुल्लच्या जुन्या हेल्मेटची काच पुसत बसायचे. 'अर्पण' हा शब्द मिळाल्यापासून ते पुन्हा माणसांत बोलू लागले. कमिटीवर गेले. मिशनला सुरगाण्याच्या वसतिगृहासाठी बाई हवी होती, तेव्हा त्यांनी कमिटीतच सांगून टाकलं, "आमची अंजली जाईल. प्रफुल्लचं अर्पण तिने पुढे न्यायचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ईस्टरच्या उपासनेत तिच्या डोक्यावर हात ठेवून समर्पणाची प्रार्थना करायची असं ठरलं. दफनापासून सासरीच असलेली अंजली तेव्हा घरी कपडे वाळत घालत होती.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तसे तोरणे पाळक घरी आले. तरुण माणूस, मनाने चांगला, घाम फार यायचा. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सिस्टर, यंदा तिसरा उद्गार तुम्ही घ्यायचा."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना चालते. प्रभू वधस्तंभावर जे सात वेळा बोलला, ते सात उद्गार मंडळीतल्या सात जणांना वाटून देतात. ज्याने त्याने उभं राहून आपल्या उद्गारावर बोलायचं. पहिला क्षमेचा. दुसरा शेजारी टांगलेल्या चोराला दिलेल्या वचनाचा. तिसऱ्यात तो आईकडे बघतो आणि आपल्या शिष्याकडे बोट करून सांगतो, हा आता तुझा मुलगा, आणि ही तुझी आई. हा उद्गार बहुधा कुणा आईलाच देतात. विमलाबाईंनी तो लागोपाठ कितीतरी वर्षं घेतला होता आणि दर वर्षी त्यांचा मुलगा दुबईला गेला त्यावर त्या बोलायच्या.

"मला बोलता येत नाही," तबिथाबाई म्हणाल्या.

"तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी साक्ष आहे."

"मग नुसती उभी राहते."

पाळक हसले. "दहा मिनिटं फक्त. तुम्ही मुलगा दिलात, आता सूनही देताय. शुक्रवारी तुम्ही हे बोललात की रविवारी अंजलीचं समर्पण. मंडळीला याहून मोठं काय दाखवायचं?"

"हो म्हण गं," रंगनाथराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

स्वयंपाकघरात भांडी विसळण्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

"बरं," तबिथाबाई म्हणाल्या. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तेव्हा त्यांच्याकडे ते नव्हतं.

कारण दुसऱ्या दिवशी मिळालं. दोघी गवार निवडत बसल्या होत्या. अंजली खाली बघूनच म्हणाली, "आई, मला नाही जायचं."

"कुठे?"

"कुठे काय, तिकडे! त्या वसतिगृहात." तिने शेंग मोडली. "पुण्याला मूकबधिर मुलांची शाळा आहे. मी डिसेंबरात मुलाखत देऊन आले. मनमाडला जाते म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा. त्यांनी घेतलंय मला. जूनपासून."

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. बाबांना मीच सांगीन. मला थोडा वेळ द्या, आई. कुणाला बोलू नका."

"वेळ कुठला आता? ईस्टरला डोक्यावर हात ठेवतील. मग काय हात झटकून उठशील?"

अंजलीने शेंगांचं ताट पुढे ओढलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वसतिगृह फरशीच्या पलीकडे आहे. बाजारहाट अलीकडे. रोज ती फरशी ओलांडायची, आई. रोज."

हे ऐकून दुसरी कुणी असती तर तिने पोरीला जवळ ओढलं असतं. तबिथाबाई वाट बघत राहिल्या, आतून काही येतंय का याची. आलं नाही. गवारीला शिरा फार निघताहेत, जून माल गळ्यात मारला भाजीवाल्याने, एवढंच ध्यानात आलं. पण डोकं चालत होतं. भूल दिलेल्या माणसाचंही डोकं चालतंच. ते त्यांना सांगत होतं की ही मुलगी चोवीस वर्षांची आहे, आणि घरातली सगळी माणसं मिळून तिला एका शब्दाखाली गाडायला निघाली आहेत.

त्यांनी आधी नवऱ्याकडे विषय काढला. रंगनाथराव पेपर वाचत होते.

"अहो, अंजलीला विचारलंत का, तिकडे जायचंय का म्हणून?"

"तिला काय विचारायचं? प्रफुल्लचं काम आहे ते."

"आणि प्रफुल्लला विचारलं होतं?"

पेपर खाली आला. "तुला म्हणायचंय काय? आपला मुलगा उगाच मेला?"

तबिथाबाईंनी खोटं बोलायचा विचार केला. जमलं नाही. "हो," त्या म्हणाल्या.

रंगनाथराव ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवून म्हणाले, "असं नको म्हणूस. तुझं ठीक आहे, तू घट्ट आहेस. मी कशावर जगू मग?"

तबिथाबाई उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. अंजलीची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

पुढे त्या रोज दुपारी पवित्र शास्त्र उघडून बसू लागल्या. रंगनाथरावांना वाटलं, तयारी चालली आहे. चाललीच होती. देवाने मागितलं म्हणून अब्राहाम आपल्या पोराचा बळी द्यायला त्याला डोंगरावर घेऊन जातो ती गोष्ट त्यांनी पुन्हा वाचली. लहानपणी वडिलांनी ती चित्र दाखवून सांगितली होती. आता वाचताना त्या दोनच ठिकाणी अडखळल्या. एक म्हणजे पोराच्या आईला कुणी काही विचारलंच नाही. ती त्या अख्ख्या प्रकरणात कुठे नाहीच, घरी स्वयंपाक करत असणार. आणि दुसरं, तिथे ऐन वेळी झुडपात मेंढा अडकलेला सापडतो, सुरी त्याच्यावर चालते आणि पोरगं बापाबरोबर घरी येतं. फरशीवर त्या दिवशी मेंढाबिंढा काही नव्हता. मग या दोन गोष्टी लोक एका दोरीत कशा बांधतात?

एका संध्याकाळी त्या तडक पाळकांच्या घरी गेल्या. पाळकसाहेब बनियनवर बसून प्रवचन लिहीत होते. घाईघाईने शर्ट चढवून बाहेर आले.

"बसत नाही. एकच विचारायचंय. यज्ञ कितीदा होतो?"

"म्हणजे?"

"आपल्यात. ख्रिस्ती धर्मात. यज्ञ कितीदा?"

पाळक खुलले. असे प्रश्न त्यांना कुणी विचारत नसे. "एकदाच, सिस्टर! तीच तर आपली सुवार्ता. पूर्वी मंदिरात दर वर्षी कोकरू कापायचे, बैल कापायचे, रक्त शिंपडायचे. पाप काही संपायचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा कोकरू. मग प्रभूने स्वतःला दिलं. एकदाच, सगळ्यांसाठी, पुरेपूर. म्हणून आपल्या वेदीवर सुरी नाही. भाकर आणि प्याला आहे. आपण आठवण करतो, उपकार मानतो. नवीन बळी देत नाही."

"म्हणजे बळी बंद?"

"बंद."

"कायमचा?"

"कायमचा. का हो, तिसऱ्या उद्गारात घेणार का हे? छान होईल."

"बघते," म्हणून त्या निघाल्या.

शुक्रवार उजाडला तो रणरणता. चर्चमधली वेदी उघडी केली होती, तिच्यावरचं कापड, फुलं, मेणबत्त्या सगळं काढलेलं. मोठा क्रूस काळ्या कापडात. घंटा वाजवायची नाही. पांढऱ्या साड्यांतल्या बायका एका बाजूला, पांढऱ्या शर्टांतले पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे उपाशी, हातात हातपंखे. पंख्यांच्या तारा कुठल्यातरी फेजवर होत्या आणि ती फेज गेलेली होती. पहिला उद्गार एका निवृत्त कंडक्टरने घेतला आणि क्षमेपेक्षा सुट्ट्या पैशांवरच जास्त बोलला. दुसरा कॉलेजातल्या पोराने पाठ केलेला म्हटला. गीत झालं. मग पाळक म्हणाले, "तिसरा उद्गार, आपल्या भगिनी तबिथाबाई उमाप." आणि चर्च असं शांत झालं की हातपंखेही थांबले.

तबिथाबाई पुढे आल्या. हातात कागद नव्हता. समोर पहिल्या बाकावर रंगनाथराव, हातात रुमाल तयार. अंजली बायकांत, मधल्या रांगेत, मान खाली.

"मी रडले नाही म्हणून तुम्ही म्हणता विश्वास," त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखा. "तो विश्वास नव्हता. काय होतं मला माहीत नाही. ते असू द्या.

"तुम्ही म्हणता मी मुलगा अर्पण केला. मी केला नाही. तो बाजारात गेला होता, बत्तीचं मेंटल आणायला. फरशीवर पाणी होतं. लोक म्हणाले थांब. तो थांबला नाही. वाहून गेला. कुणाला वाचवत नव्हता, कुणाला सुवार्ता सांगत नव्हता. चांगला मुलगा होता, पंप चांगले दुरुस्त करायचा. पण हा यज्ञ नाही. याला अपघात म्हणतात. दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहिलंय."

कुणीतरी खाकरलं. रंगनाथरावांच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"यज्ञ एकदाच झाला. पाळकसाहेबांनीच मला सांगितलं. एकदाच, आणि पुरला. देवाला अजून माणसं लागतात असं म्हणणं म्हणजे तो पुरला नाही असं म्हणणं. आणि आज आपण तेच म्हणत बसलोय, तेही उत्तम शुक्रवारी.

"आता माझा उद्गार. प्रभू वर टांगलेला आहे, रक्त जातंय, आणि खाली आई उभी. तो तिला असं म्हणत नाही की बाई, तू मला दिलंस, आता आणखी काय देतेस बोल. तो काय म्हणतो? हा तुझा मुलगा, याच्या घरी जा. म्हणजे तिच्या राहण्याजेवणाची सोय बघतो. मरता मरता सोय बघतो! देणारा तो. ती फक्त उभी आहे. मला यातून एवढंच कळतं की त्याच्यामागे राहिलेल्या बाईने जगावं असं त्याला वाटत होतं.

"आमच्या घरी मागे राहिलेली बाई अंजली आहे. ती सुरगाण्याला जाणार नाही. ती पुण्याला शाळेत शिकवायला चालली आहे. रविवारी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे तर त्यासाठी ठेवा. नाहीतर ठेवू नका. झालं माझं."

आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

गीत लावायला कुणाला सुचेना. पेटीवाल्याने चुकून पाचव्या उद्गाराचं गीत धरलं, निम्मे लोक तिसऱ्याचं म्हणू लागले, मग सगळेच थांबले. पाळकांचा चेहरा घामाने निथळत होता. त्यांनी चौथ्या उद्गाराच्या माणसाला हाक मारली. रंगनाथराव उठले आणि कडेच्या दाराने बाहेर गेले. वधस्तंभाच्या उपासनेतून मधेच उठून जायची त्यांची ही पहिलीच वेळ. तबिथाबाईंनी त्यांना जाताना पाहिलं आणि सातवा उद्गार होईपर्यंत बसून राहिल्या. त्यांना वाटलं होतं की बोलून झाल्यावर तरी आत काहीतरी हलेल. काही हललं नाही.

तीन वाजता सगळे बाहेर आले. महिला मंडळाने बिनदुधाचा चहा केला होता, उपास सोडायला. तबिथाबाईंच्या हातात कप कुणी दिला नाही, त्यांनी आपणच घेतला. विमलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तबिथाबाई, तुम्ही नवऱ्याचं तोंड सगळ्यांसमोर काळं केलंत हो."

"मग तुम्ही धुवा."

"अहो, आम्ही तुमची उदाहरणं देत होतो पोरीबाळींना!"

"विचारून द्यायची."

पाळक जवळ आले. रागावले नव्हते, थकले होते. "सिस्टर, चुकीचं काही बोलला नाहीत. पण मला एक दिवस आधी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर बोलू दिलं असतंत?"

त्यांनी विचार केला. "बहुतेक नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

खरा मार पुढेच बसायचा होता. अंजली फाटकाबाहेर रिक्षा न करता चालत सुटली होती. तबिथाबाईंनी तिला उड्डाणपुलाच्या खाली गाठलं.

"अगं, ऊन किती आहे, रिक्षा कर."

अंजली वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी तुम्हाला सांगितलं होतं, आई. मंडळीला नाही. वेळ मागितला होता ना मी? बाबांना मी सांगणार होते!"

"तू सांगितलं नसतंस. रविवारी गुडघे टेकून बसली असतीस गपचूप."

"बसले असते! माझं मी बघितलं असतं! तुम्ही सगळे एकसारखेच. बाबांनी कमिटीत माझं नाव दिलं, तुम्ही चर्चमध्ये दिलंत. मला विचारलं कुणी? आता सगळे म्हणणार, नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही पळाली पुण्याला. तुमचं काय जातं, तुम्हाला काही वाटतच नाही!"

तबिथाबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे प्रत्येकाला एक तोडून टाकणारं उत्तर तयार असायचं. ते जिभेवर आलं नाही. मुलगी खरं बोलत होती, दोन्ही बाबतीत.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. आणि नाही वाटत मला काही. तो गेला तेव्हापासून नाही. जेवते, झोपते, तुझ्या सासऱ्यांचा बीपी बघते. त्याचा फोटो बघते आणि मनात येतं की काचेवर धूळ बसलीय. लोक म्हणतात घट्ट आहे. तू तरी तसं समजू नकोस. तू माझ्याबरोबर घरात राहतेस."

अंजलीने पदराने चेहरा पुसला. वरून ट्रक गेला, सगळा पूल घुमला.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय," ती शेवटी म्हणाली. "मी त्याला मेंटल आणायला पाठवलं म्हणून. बत्ती मीच मागितली होती, मला वाचायचं होतं. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, रडला नाहीत. मला वाटलं, मनात धरलंय."

हे तबिथाबाईंना माहीत नव्हतं. बहिरूने सांगितलं नव्हतं. पोरीने हे एवढे महिने पोटात ठेवलं होतं, आणि सुरगाण्याला ती कदाचित त्यासाठीच गेलीही असती, फरशी रोज ओलांडायला.

"अंधारात वाचायला उजेड लागतो," त्या म्हणाल्या. "उजेड मागणं हा काही गुन्हा नाही. थांब म्हटल्यावर थांबायचं त्याने होतं. चल, रिक्षा करू."

ईस्टरला चर्च फुलांनी भरलं होतं. कुणाच्याच डोक्यावर हात ठेवला गेला नाही. पाळकांनी उपासनेच्या शेवटी, इतर सूचनांबरोबर, अंजली उमाप यांच्या पुण्यातल्या कामासाठी प्रार्थना करूया असं सांगितलं आणि प्रार्थना आटोपशीर केली. वसतिगृहासाठी दुसरी बाई मिळाली, पेठ गावची, तिला खरोखर जायचं होतं. रंगनाथराव त्या रविवारी आले नाहीत. पुढच्या रविवारी आले आणि पुरुषांच्या बाजूला मागे बसले. घरी ते बायकोशी कामापुरतं बोलायचे. जेवणाआधीच्या प्रार्थनेत अजूनही म्हणायचे, "आम्ही तुला दिलेल्या प्रफुल्लबद्दल..." तबिथाबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि "आमेन" म्हणायच्या. नवऱ्याला कशावर तरी जगायचं होतं. ते काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना त्या उन्हात, पुलाखाली कळलं होतं. अंजलीला त्यांनी मोकळं केलं हे बरोबर होतं, आणि ज्या रीतीने केलं ती रीत चूक होती. दोन्ही तसंच राहिलं. त्याला काही इलाज नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अंजली निघाली. रंगनाथराव दारापर्यंत आले. "पोचलीस की फोन कर," म्हणाले, आणि आत वळले. स्टँडवर तबिथाबाई गेल्या. पुण्याची एशियाड लागलेली होती. सूटकेस वर ठेवून झाली, पाण्याची बाटली झाली, कुणाशी बोलायचं नाही हे सांगून झालं. अंजली खिडकीत बसली. ड्रायव्हर चढला.

"आई," तिने खिडकीतून वाकून विचारलं, "आता काही वाटतंय का?"

तबिथाबाईंनी प्रश्न खरा धरला. क्षणभर उभ्या राहून त्यांनी आत तपासलं, सगळीकडे दाबून बघावं तसं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

"वाटलं तर मला कळवा. रात्री-अपरात्री पण."

"बरं," तबिथाबाई म्हणाल्या, आणि मागे येणाऱ्या मालेगावच्या गाडीला जागा द्यायला बाजूला झाल्या.